डावीकडचा तिसरा दगड

मला खोली भाड्यानं देताना आमच्या घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, मी काय खाते-पिते तेही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडंसुद्धा न बघता, हातातल्या पर्सकडं बघत ते म्हणाले, "फोन कुटल्या कंपनीचा?"

मी सांगितलं.

"हितं न्हाय चालायचा. दुसरं कार्ड घ्या. मग बघू खोलीचं."

मंद्रूपच्या पुढं, भीमेकडं उतरत जाणाऱ्या एका खेड्यात मी उपकेंद्राची नर्स म्हणून नुकतीच हजर झाले होते. उन्हात तीन घरं फिरून झाली होती आणि मला मुळात राग लवकर येतो. मी म्हटलं, "काका, मी खोली बघायला आलेय, फोन दाखवायला नाही." त्यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली आणि आत ओरडले, "अगं, चहा ठिवू नगंस. पाणीच आन. जायलेत त्या."

तरीही काकू चहा घेऊनच आल्या. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत येताना दोनदा थांबल्या. कपबशी माझ्या हातात देईपर्यंत मला त्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. दमा जुना होता, चांगला मुरलेला. त्या दिवशी मी खोलीही घेतली आणि दुसरं कार्डही घेतलं.

काका टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. गाव त्यांना लाइनमनच म्हणायचं. अंगात अजून खाकी शर्ट, खांद्याला कातडी पिशवी, आणि पिशवीत खांबावर चढून तारा तपासायचा तो जुना रिसीव्हर. तारच उरलेली नव्हती, तरी रिसीव्हर होता. या गावात पहिली तार त्यांनीच आणली होती, एकेक खांब उभा करत. त्यांच्या घरातला फोन काकूंच्या खाटेच्या उशाशी होता. पुढं मोबाइल आले, तारेचे फोन लोकांनी एकामागून एक काढून टाकले, खांब आडवे झाले, आणि मोबाइलची रेंज मात्र गावात उतरलीच नाही. गाव ओढ्याकाठी खोलात आहे. वरच्या सडकेवरून जाणाऱ्याच्या फोनला रेंज असते, पण खाली उतरला की फोन नुसता घड्याळ बघायच्या कामाचा.

काकांचं शेत ओढ्यापलीकडं. दिवसभर काकू घरात एकट्या. धाप लागली तर हाक ऐकणारं कोणी नाही आणि फोन लागत नाही. सगळ्या घरात रेंजची एकच जागा होती, मधल्या खोलीतल्या तुळईखाली. तिथं काकांनी पावडरचा रिकामा डबा सुतळीनं टांगला होता आणि त्यात फोन. तो वाजायचा, पण बोलायचं तर स्टुलावर चढायला लागायचं.

"दम्याच्या बाईला स्टुलावर चढवतंय, असला कसला फोन ओ सिस्टर?" ते मला एकदा म्हणाले. "माजी तार हुती तवा ही झोपून बोलायची."

त्यांचं एवढंच दुखणं होतं. बाकी सगळा वेडेपणा त्याच्यावर उगवलेला.

सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला हा माणूस हातात दोन फोन धरून गाव मोजत फिरायचा. दर वीस पावलांवर थांबायचा, फोनातल्या रेंजच्या काड्या बघायचा, आणि दगडावर चुन्यानं ठिपके द्यायचा. एक काडी, एक ठिपका. अजिबात नसेल तर गेरूची फुली. मग वहीत नोंद. वहीत शब्दही जुन्या नोकरीतलेच, 'चालू' आणि 'बिघाड'. त्यांचं म्हणणं, ऊस उभा असला की रेंज पडते आणि तोड झाली की एक काडी वाढते. लोक हसायचे. मी पण हसले होते, पण ऊस गेल्यावर माझ्या खिडकीत खरंच एक काडी वाढली. मी ते काकांना सांगितलं नाही, कारण त्यांनी लगेच मला वहीवर सही करायला लावली असती.

बोलण्याचा मात्र भारी कंटाळा. फोन उचलला की "काम?" एवढंच. समोरचा 'बरं हाय का' म्हणाला की हे ठेवून देणार. घरी आलेल्याला बस म्हणायचे नाहीत, चहा विचारायचे नाहीत. चहा दिला की माणूस बसतो, बसला की बोलतो, आणि बोलण्यात त्यांची दुपारची फेरी चुकते. सख्खा मेहुणा इंडीहून आला तर त्यालाही दारातच विचारलं, "गाडी कितीची हाय परत?"

सुरुवातीला गेरूच्या फुल्यांनी गावात गोंधळच उडवला होता. खालच्या आळीतल्या एका म्हातारीला सकाळी दाराच्या चौकटीवर लाल फुली दिसली आणि तिनं करणी म्हणून आख्ख्या गल्लीत बोंब ठोकली. नारळ फुटला, लिंबं उतरली. काका गेले आणि शांतपणे म्हणाले, "मावशे, करणी न्हाय. तुज्या घरात रेंज न्हाय." म्हातारी म्हणाली, "मग कवा येनार?" हे तिनं विचारलं आणि मग हळूहळू सगळेच विचारायला लागले.

कारण फुली बघून लोकांना आपलंच गाव नव्यानं दिसलं. रेशनचं अंगठ्याचं यंत्र दर महिन्याला बिरोबाच्या टेकाडावर न्यावं लागायचं, कारण गावात पुरती रेंज फक्त तिथं. गुडघे धरून म्हातारी माणसं अंगठा द्यायला टेकाड चढायची. त्यात काही चुकीचं आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. आता बचत गटाच्या बायका आपापल्या घरी काड्या मोजून काकांना सांगायला लागल्या. दूध घालायला आलेली माणसं ओट्यावर ठिपके द्यायला लागली. शाळेच्या गुरुजींनी सगळ्याचा नकाशा काढला. ग्रामसभेत टॉवरचा ठराव झाला, अर्ज सोलापूरला गेला. उत्तर आलं की नोंदीप्रमाणे आपल्या गावात रेंज आहे.

काकांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग वही उघडून दुसरा अर्ज लिहिला, मग तिसरा. मी सह्या गोळा करत लसीकरणाला फिरले. शेवटी कळलं की यंत्र घेऊन एक इंजिनिअर प्रत्यक्ष येणार, आणि यंत्र जे दाखवेल ते कायम.

त्या दिवशी सकाळपासून काका सडकेच्या फाट्याखाली, पहिल्या ठिपक्याच्या दगडाशी वही घेऊन उभे होते. रस्ता त्यांनी स्वतः झाडून काढला होता. जीप आली की पुढं चालायचं आणि एकेक दगड दाखवायचा, असं सगळं ठरलेलं. मी काकूंना सकाळची औषधं देऊन तिथं पोचले, तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता.

"गाडी वर गेली," ते म्हणाले.

सरपंच पोरगा मनानं चांगला, पण पाहुणा म्हटलं की त्याचं भान सुटतं. सोलापूरचे साहेब येणार, मग त्यांना ओढ्याकाठच्या चिखलात कसं न्यायचं? त्यानं बिरोबाच्या देवळापुढं मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, शाल, नारळ, पेढे, सगळं. गावातली सगळ्यात चांगली जागा. आणि गावात पुरती रेंज असलेली एकुलती एक जागा.

आम्ही धापा टाकत वर पोचलो तेव्हा इंजिनिअरच्या खांद्यावर शाल होती. तिशीतला, सभ्य, घामाघूम झालेला माणूस. आणि सरपंच त्याच्या शेजारी उभा राहून पुण्याच्या भावाला व्हिडिओवर कार्यक्रम दाखवत होता. "बघ की, कसलं झक्कास दिसायलंय! आवाज येतोय न्हवं?"

"साहेब, खाली चला," काका म्हणाले. "गाव खाली हाय."

"काका, नोंदीत गावाचं ठिकाण म्हणून हेच देऊळ आहे," इंजिनिअर म्हणाला. "आणि बघा ना, सरपंचांचा व्हिडिओ कॉलसुद्धा चाललाय. यंत्रात सगळं नीट आलंय. मला आज अजून दोन गावं करायची आहेत."

सरपंचाच्या तोंडातला पेढा तसाच राहिला. आपण काय करून बसलो ते त्याला तेव्हा कळलं. त्यानं गडबडीनं फोन बंद केला, पण आता काय उपयोग? मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मी इंजिनिअरला म्हटलं, "साहेब, खालच्या एका घरात तरी या, माझ्या पेशंटच्या." तो घड्याळ बघून कसनुसं हसला.

काका भांडले नाहीत. ते जीपपाशी गेले आणि काचेतून आत बघत उभे राहिले. मागच्या सीटवर लॅपटॉप, चार फोन एका चौकटीत बसवलेले, आणि एक हिरवा दिवा. बराच वेळ बघत होते. मग वळून त्यांनी जे विचारलं, ते त्यांच्या तोंडून मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.

"साहेब, जेवण झालंय का?"

इंजिनिअर नको नको म्हणाला. काका म्हणाले, भाकरी, शेंगाची चटणी, अर्ध्या तासात मोकळं करतो, वाटेतच घर आहे. इंजिनिअरचं पाऊल अडखळलं. शहरातली माणसं विचारतात तसं त्यानं हौसेनं विचारलं, "चुलीवरची भाकरी?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. फक्त क्षणभर. काकूंना धूर वर्ज्य होता. चूल परसात दोन वर्षं थंड पडली होती आणि ती बंद करायला लावणारी मीच होते.

"व्हय," काका म्हणाले. "चुलीवरची."

घरी पोचल्यावर त्यांनी ड्रायव्हरला जीप निंबाखाली लावायला सांगितली, लॅपटॉप उन्हात तापेल म्हणून. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिनिअरनं यंत्र बंद केलंच नव्हतं, हिरवा दिवा तसाच होता. ते बंद करेपर्यंत नोंद करत राहतं, जीप उभी असली तरी. आणि जीप आता गावातल्या सगळ्यात खोल घराच्या अंगणात उभी होती. जितका वेळ पाहुणा जेवेल, तितका वेळ नोंद होणार.

मी परसात धावले. काकांच्या हाकेसरशी काकूंनी तुराट्या मोडून चूल पेटवलीही होती.

"काकू, उठा. मी करते भाकरी."

"तुमची भाकरी बगून त्ये उटून जातील की ओ," काकू म्हणाल्या. ते खरंच होतं. माझी भाकरी तव्यावर पडायच्या आधी दुभंगते. मग त्यांनी पदर नाकाला लावला आणि हळूच विचारलं, "यंत्र चालू हाय न्हवं?" लाइनमनची बायको होती ती, तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

थापायचा आवाज सुरू झाला. थप, थप, थप. बाहेर काका पाहुण्याला वाढत होते, आणि मी मधल्या दारात उभी. एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला ओसरी. पहिली भाकरी गेली, दुसरी गेली. चव बघून इंजिनिअर खूश झाला होता. "आनखी एक घ्या की," काका म्हणत होते, आणि त्यांची नजर ताटावर नव्हती, निंबाखालच्या हिरव्या दिव्यावर होती. आयुष्यात कोणाला चहा न विचारलेला माणूस पाहुण्याच्या ताटात शेंगाची चटणी वाढत, त्यावर तेल ओतत, त्याच्या गावाची, आईबापाची चौकशी करत होता.

चौथ्या भाकरीला काकूंची शिट्टी सुरू झाली. मी आत गेले, त्यांचा दम्याचा फवारा दिला, हात धरून उठवायला लागले. "बेड, बेड," त्यांनी माझा हात झटकला. माहेर सीमेपलीकडचं, निकराची वेळ आली की त्या कन्नडातच नको म्हणायच्या. बोटानं बाहेरचं दाखवलं आणि पुढचा गोळा परातीत घेतला.

मी तेव्हाच चूल विझवायला हवी होती. नर्स मी होते. तांब्याभर पाण्याचं काम होतं. पण मलाही तो टॉवर हवा होता, आणि मी दारात जाऊन उभी राहिले.

थप, थप. मग थांबून थप. मग बराच वेळ काहीच नाही.

मी वळले तेव्हा काकू भिंतीला टेकल्या होत्या, ओठ निळसर, खांदे वरखाली. मी आणि ड्रायव्हरनं त्यांना उचलून अंगणात आणलं. फवारा पुन्हा दिला, पुन्हा दिला, उतार पडेना. मी फोन काढला. रेंज नाही. ऊस पुन्हा उभा होता, तुळईखालचीही काडी गेलेली. इंजिनिअर हात न धुता धावत आला, त्यानं खिशातून आपला फोन काढला, बघितला, दुसरा काढला, तोही बघितला. मग अंगणभर फोन उंच धरून फिरायला लागला, आणि मला वेड्यासारखं विचारायला लागला, "कुठं लागतो? अहो, इथं कुठं लागतो?"

काका काकूंचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं, "फाटकातनं भायेर पडा. डावीकडचा तिसरा दगड, दोन ठिपक्यांचा. त्याच्यावर उबं ऱ्हावा. तोंड देवळाकडं करा आनि हलू नका."

तो पळत गेला. आमच्या गावानं पाहिलं ते असं, की सोलापूरचा साहेब, खांद्यावर सत्काराची शाल, दगडावर उभा राहून देवळाकडं तोंड करून ओरडतोय, "हॅलो! हॅलो! ऐकू येतंय का?"

अँब्युलन्स मंद्रूपहून निघेपर्यंत वेळ जाणार होता. इंजिनिअरनंच जीपचं दार उघडलं. काकूंना मागं आडवं करायला जागा हवी होती. यंत्राकडं हात नेत तो म्हणाला, "काका, हे बंद करतो."

"फेकून द्या ते," काका म्हणाले.

त्यानं फेकलं नाही. नोंद जपून बंद केली, चौकट पायाशी घेतली आणि पुढं बसला. जीप मंद्रूपकडं निघाली. मागं फक्त ती शिट्टी होती, आणि मध्येच ती बारीक व्हायची तेव्हा मला जास्त भीती वाटायची.

दवाखान्यात प्राणवायू लावला, सुया दिल्या. संध्याकाळपर्यंत काकूंनी डोळे उघडून चहा मागितला. मग माझी भीती उतरली आणि राग चढला. बाहेरच्या बाकावर काका बसले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"कधी कळलं?"

"थापायचा आवाज मंद झाला तवा. दोन भाकरी आदी."

"मग उठला का नाहीत?"

त्यांनी खाकी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "मी दिव्याकडं बगत हुतो, सिस्टर."

मला खूप बोलायचं होतं. पण मीही दारातच उभी होते, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसले.

यंत्राची नोंद वर गेली. इंजिनिअरनं सोबत स्वतःच्या हातानं काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही, पण पुढच्या ज्वारीच्या काढणीनंतर शाळेमागं टॉवर उभा राहिला. सरपंचानं पुन्हा मांडव घातला, या वेळी खाली, गावात. शाल काकांसाठी आणली होती. काका आले नाहीत. त्या दवाखान्यानंतर त्यांनी मोजणी सोडली होती. वही माझ्याकडं दिली, चुन्याचं डबडं उकिरड्यावर टाकलं, मोजणीचे दोन्ही फोन पेटीत टाकले आणि डब्यातला फोन काकूंच्या उशाशी ठेवून दिला. पेटीतला एक स्वतःला घ्या म्हटलं तरी घेईनात. म्हणायचे, "मला कोन करनार हाय फोन?" शेवटी एक दिवस मीच त्यांच्या पिशवीत एक कोंबला, त्या जुन्या रिसीव्हरशेजारी.

पुढच्याच आठवड्यात मी लसींचा डबा घेऊन ओढ्यापलीकडच्या वस्तीवर निघाले होते. काका बांधावर खुरपत होते. पिशवीत फोन वाजला. ते नुसते बघत राहिले.

"उचला की, काका."

त्यांनी उचलला. "काम?"

काकूंचा आवाज मलाही स्वच्छ ऐकू आला. "काम कसलं? लागतोय का ते बगितलं. झोपूनच बोलायलेय. ठिवू?"

"ठिवू नगंस."

"मग काय बोलू?"

"काय बोलू नगंस. कानाला धर नुसता."

ते बांधावर बसले. एक कान हातानं झाकला, दुसऱ्याला फोन दाबून धरला, डोळे मिटले. खांबावर चढून तारेतला बिघाड ऐकत असतील तेव्हा असेच बसत असतील. मी वस्तीवर गेले. पोरं रडली, आया भांडल्या, सगळ्या लसी देऊन, कार्डं भरून मी त्याच वाटेनं परत आले. काका तसेच होते, फोन कानाला.

"काका, अजून चालूच आहे?"

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि अगदी हळू म्हणाले, "डोळा लागलाय तिचा. शिट्टी न्हाय."